खर्जाचा तोल : बास कमी-जास्त करता येणाऱ्या इयरफोनची निवड

१. प्रश्नाची मांडणी

कानाच्या नळीत बसणारा इयरफोन घेताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, ‘बास कसा आहे?’ प्रश्न योग्य आहे, पण अपुरा. एकाच इयरफोनचा बास त्याच माणसाला सकाळी ओटीवर पुरेसा वाटतो, दुपारी एसटीत नाहीसा होतो आणि रात्री हळू आवाजात ऐकताना पुन्हा कमी पडतो. यंत्र तेच असते. आवाजाची पातळी, भोवतालचा गोंगाट आणि इयरफोनची कानातली बैठक बदललेली असते. म्हणून बास किती आहे, एवढे विचारून भागत नाही. तो कुठे आणि कशाने बदलता येतो, आणि बदलताना बाकीचा आवाज शाबूत राहतो का, हेही पाहावे लागते.

विवेचनासाठी रत्नागिरी तालुक्यातले, गणपतीपुळ्याला लागून असलेले मालगुंड समोर ठेवले आहे. या प्रश्नाच्या सगळ्या बाजू इथे एकत्र भेटतात. समुद्राची गाज आणि एसटीचा प्रवास हा भोवतालचा गोंगाट आहे. हवा दमट आणि खारी आहे. नमन, जाखडी आणि भजन या परंपरांमध्ये मृदंग, ढोलकी, पखवाज यांच्याबरोबरच झांजही वाजते, म्हणजे आवाजाची खालची आणि वरची टोके एकाच वेळी कानावर पडतात. शिवाय हे केशवसुतांचे जन्मगाव. त्यांचे स्मारक इथे १९९४ साली उभे राहिले. कवितावाचन ऐकणाऱ्याला शब्दाचे अक्षर अन् अक्षर स्पष्ट हवे असते. ढोलकीचा घुमारा आणि शब्दाची स्पष्टता ही दोन्ही एकाच इयरफोनकडून मिळवायची, तर निवडीला शास्त्र लागते.

२. खर्जाचे क्षेत्र

निरोगी तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे आवाज ऐकतो. बास म्हणतात तो यातला २० ते २५० हर्ट्झचा तळाचा पट्टा. त्याचे तीन भाग वेगळे ओळखता आले पाहिजेत. साधारण ६० हर्ट्झच्या खालचा आवाज ऐकू येण्यापेक्षा जाणवतो अधिक. चित्रपटांतले स्फोट आणि यंत्रांनी तयार केलेले संगीत इथे असते. ६० ते १२० हर्ट्झच्या आसपास डग्ग्याचे आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाचे वजन असते. १२० ते २५० हर्ट्झमध्ये पुरुषी आवाजाची ऊब असते, आणि हाच भाग प्रमाणाबाहेर वाढला की आवाज घोगरा, कोंडल्यासारखा होतो.

आपल्या संगीतातली मापे लावली की हे आकडे ओळखीचे होतात. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. गायिकेचा षड्ज काळी चार असेल तर तो सुमारे २०८ आणि तिची खर्जाची तार सुमारे १०४ हर्ट्झ. आपल्या बहुतेक गाण्याबजावण्याचा पाया असा ६० हर्ट्झच्या वर असतो. त्याखालचा धडाका कितीही वाढवला तरी अभंगातला पखवाज भरदार होत नाही. बास बदलण्याची सोय नेमक्या कोणत्या पट्ट्यावर काम करते, हे तपासायचे ते या कारणाने.

दुसरी गोष्ट मूळ सूर आणि त्याच्यावरचे स्वरांश यांच्या नात्याची. नुसत्या ताणलेल्या कातड्याचे स्वरांश एकमेकांशी सुसंवादी नसतात, म्हणून साध्या ढोलातून निश्चित सूर निघत नाही. तबला आणि मृदंग यांच्या पुडीवरील शाईच्या थरामुळे हे स्वरांश मूळ सुराच्या पूर्णांकी पटीत येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये हे दाखवून दिले. स्वरांश असे जुळलेले असले की मूळ सूर गळाला तरी मेंदू त्यांच्यावरून त्याची उंची ओळखतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ६९ हर्ट्झ काढताच येत नाहीत, तरी त्यावर तंबोऱ्याचा सूर कळतो तो याच कारणाने. सूर कळला म्हणजे खर्ज आला, असे मात्र मानू नये. सुराचे नाव पोचलेले असते, त्याचे वजन पोचलेले नसते. चांगल्या इयरफोनने मूळ सूर आणि स्वरांश या दोघांमधले प्रमाण राखले पाहिजे.

३. कानातली बैठक

घरातल्या मोठ्या स्पीकरला खर्जासाठी खोलीतली पुष्कळ हवा हलवावी लागते. इयरफोनचा पडदा अवघा सहा ते दहा मिलिमीटरचा, तरी तो २० हर्ट्झपर्यंत पोचतो. कारण कानाची नळी रबरी टोपीने बंद झाली की टोपी आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये एक-दोन घनसेंटिमीटर हवेची बंद पोकळी उरते. बंद पोकळीत हवेचा दाब इयरफोनच्या पडद्याच्या हालचालीच्या प्रमाणात बदलतो, मग कंपन कितीही सावकाश असो. पोकळीला बारीकशी फट पडली तर सावकाश कंपनांना तिच्यातून निसटून जायला वेळ मिळतो आणि खर्ज ओसरतो. जलद कंपनांवर त्या फटीचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून सैल बसलेला इयरफोन पातळ आणि किरटा वाटतो.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो : बैठक जमल्याशिवाय बासबद्दल मत बनवू नये. फटीतून गळणारा खर्ज इक्वलायझरने, म्हणजे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, वाढवणे चुकीचे आहे. पडद्यावर ताण वाढतो आणि मान वळवली, जबडा हलवला की फट कमी-जास्त होऊन आवाज बदलत राहतो. मीड किलियन यांच्या एटिमोटिक रिसर्च या कंपनीने १९९१ मध्ये आणलेला ईआर-४ हा इयरफोन कानात खोल बसत असे. बैठक पक्की असेल तर छोट्या यंत्रातूनही समतोल आवाज निघतो, हे त्याने दाखवले.

पेटीत सहसा तीन मापांच्या सिलिकॉन टोप्या येतात. उजव्या आणि डाव्या कानाची नळी एकसारखी नसते, तेव्हा दोन्हीकडे वेगळे माप लागल्यास तसेच वापरावे. टोपी बसवताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढला की नळी सरळ होते. फोमची टोपी दाबून घातली की आत फुगते आणि फट चांगली बुजवते, पण वरच्या पट्ट्यातली थोडी झळाळी शोषून घेते. इयरफोन हलक्या बोटाने आत दाबल्यावर बास एकदम वाढला, तर बैठक सैल आहे असे समजावे.

४. प्रमाण बदलावे का लागते

बैठक जमल्यावरही बासचे एकच प्रमाण सगळीकडे चालत नाही. याची चार कारणे आहेत.

पहिले कारण आपल्या श्रवणातच आहे. आवाज जसा हळू होतो तसा खर्ज इतर पट्ट्यांपेक्षा लवकर क्षीण वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजले आणि पुढे त्याचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्या मानकाप्रमाणे १,००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर वाजत असेल, तर ६३ हर्ट्झचा सूर त्याच्याइतका मोठा वाटण्यासाठी सुमारे ३३ डेसिबल अधिक जोर लागतो. तोच १,००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवर असेल तर हा फरक सुमारे १८ डेसिबलवर येतो. केशवसुतांच्या ‘सतारीचे बोल’मध्ये खिन्न माणसाला रात्रीच्या काळोखात सतार ऐकू येते. ऐकण्याची ही रीत रात्रीच्या शांततेची, हळू आवाजाची आहे. त्या पातळीला खर्जाला थोडा आधार द्यावा लागतो, आणि आवाज मोठा केल्यावर तोच आधार काढून घ्यावा लागतो.

दुसरे कारण भोवताल. सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ७५ स्फोट होतात, म्हणजे त्याची घरघर ७५ हर्ट्झची असते. काळी एकमधल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झची. दोघे शेजारी शेजारी पडल्यामुळे एसटीत खर्ज ऐकू येईनासा होतो, गायकाचा आवाज मात्र टिकतो. समुद्राच्या गाजेचे तसे नाही. ती बऱ्याच रुंद पट्ट्यात पसरलेली असल्यामुळे खर्जाबरोबर शब्दांनाही थोडी थोडी झाकते. किनाऱ्यावर नुसता बास वाढवून उपयोग होत नाही. गोंगाट आत येणे थांबवणे अधिक फायद्याचे. बाहेरच्या आवाजाविरुद्ध उलटी लहर सोडून तो मारणारे इयरफोन सुमारे १,००० हर्ट्झच्या खाली सर्वांत प्रभावी असतात. एसटीतल्या घरघरीवर ते चांगले चालतात आणि बास वाढवण्याची गरजच कमी करतात.

तिसरे कारण ध्वनिमुद्रणाचे. विजेच्या मायक्रोफोनने मुद्रण १९२५ पासून सुरू झाले. त्याआधी गायक भोंग्यात तोंड घालून गात आणि त्या यंत्रात खर्ज जवळजवळ उतरतच नसे. अशा जुन्या नाट्यगीतावर बास वाढवला तर गाण्याच्या तळाशी काहीच वाढत नाही, तबकडीच्या फिरण्याची घरघर मात्र वाढते. पुढच्या काळातल्या मुद्रणांतही भारतातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट शिरलेला आढळतो. तिथे बास कमी करता येणे हाच मोठा गुण ठरतो. उलट आजची बरीच गाणी आधीच भरगच्च खर्ज घालून तयार केलेली असतात.

चौथे कारण आवड. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्मन कंपनीत श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. बहुतेकांची पसंती आवाजाच्या एका समान आलेखाच्या जवळ येते, एका गटाला त्याहून अधिक बास लागतो आणि एकाला कमी, असे त्यांतून दिसले. आवडीतला हा फरक खरा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे.

५. बास बदलण्याच्या तीन रीती

पहिली रीत यांत्रिक. सेनहायझरच्या आयई ८ या २००८ मधल्या इयरफोनच्या कवचावर एक बारीक स्क्रू होता. सोबत दिलेल्या हत्याराने तो फिरवला की बास वाढे किंवा उतरे, आणि पुढे आयई ८०मध्येही ही सोय राहिली. एकेजीच्या के३००३ला आवाज बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी बदलता येणारे फिल्टर होते. काही इयरफोनांना बारीक खटके असतात. या रीतीत फोन कोणताही असो, बदल कायम राहतो, आणि डिजिटल आवाज फाटण्याचा धोका नसतो. मात्र बदलाचा पल्ला ठरावीक, आणि नेमका पट्टा निवडता येत नाही. आयई ८चा स्क्रू खर्जाबरोबर त्याच्या वरच्या पट्ट्यालाही थोडा फुगवी.

दुसरी रीत ब्लूटूथ इयरबडच्या ॲपमधल्या इक्वलायझरची. बदल इयरबडच्या आतल्या चिपमध्ये साठत असेल तर दुसरा फोन जोडला तरी तो टिकतो. घेण्यापूर्वी एवढे विचारावेच : ॲपमध्ये नुसते ‘बास बूस्ट’चे एक बटण आहे, की पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करता येतात? एका बटणाच्या सोयीत खर्ज किती वाढतो आणि कुठून वाढतो, हे आपल्या हाती राहत नाही.

तिसरी रीत फोनमधल्या किंवा गाण्याच्या ॲपमधल्या इक्वलायझरची. ही स्वस्त आणि सर्वांत लवचीक, साध्या वायरच्या इयरफोनलाही चालते. साधारण १०० हर्ट्झच्या खालचा सगळा भाग एकसारखा वर-खाली करणारा बदल निवडावा. २०० ते ३०० हर्ट्झचा पट्टा उचलू नये, कारण तिथे गायकाचा आवाज जाड होतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीत एक हिशेब चुकवून चालत नाही. बास ६ डेसिबलने वाढवला की पडद्याला दुप्पट अंतर हलावे लागते आणि वीज चौपट लागते. १२ डेसिबलने वाढवला की अंतर चौपट आणि वीज सोळापट. डिजिटल आवाजाला वरची मर्यादा असते, आणि आधीच काठोकाठ भरलेल्या गाण्यात ६ डेसिबल घातले की शिखरे कापली जाऊन आवाज फाटतो. तेव्हा बास जितका वाढवाल तितकीच एकूण पातळी इक्वलायझरमध्ये आधी खाली घ्यावी, मग फोनचा आवाज हवा तेवढा वाढवावा.

६. ध्वनीचा दर्जा

दर्जाचे पहिले लक्षण म्हणजे झाकोळ नसणे. खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो. उलट दिशेने ही झाक बरीच कमी असते. श्रवणाचा हा जुना, सिद्ध नियम आहे. बास अति झाला की आधी ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ अशी व्यंजने पुसट होतात, नंतर झांजेची किनार आणि चाळांची रुणझुण जाते. जाखडीत पायांतले चाळ आणि ढोलकी एकत्र बोलली पाहिजेत. एकाने दुसऱ्याला गिळले तर ती जाखडी राहत नाही.

दुसरे लक्षण स्वच्छता. पडदा आपल्या मर्यादेबाहेर हलला की मूळ गाण्यात नसलेले सूर तयार होतात. पहिल्या ऐकण्यात हे जादा सूर ‘दणदणीत’ वाटतात, अर्ध्या तासाने कान थकवतात. म्हणून समतोल इयरफोन घेऊन त्याचा बास थोडा वाढवणे हे फुगलेल्या बासचा इयरफोन घेऊन तो दाबण्यापेक्षा सहसा बरे. अट एवढीच की त्या समतोल इयरफोनच्या पडद्याला हालचालीची ऐपत हवी. कॉइलवर चालणाऱ्या डायनॅमिक पडद्याला ही ऐपत सहज असते. श्रवणयंत्रांतून आलेले बॅलन्स्ड आर्मेचर बारकावे चांगले दाखवते, पण एकटे असेल तर खोल खर्जात कमी पडू शकते. आत किती ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे घटक, आहेत या आकड्यावरून दर्जा ठरत नाही.

खोक्यावरचे आकडे वाचण्याची रीत अशी. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ या मजकुराला चढउतार किती डेसिबलचा हे सांगितल्याशिवाय अर्थ नाही. आवाजाचा आलेख मिळाला तर तोच पाहावा : ८०० हर्ट्झच्या तुलनेत ६० हर्ट्झ किती वर आहे, आणि ही चढण २०० हर्ट्झच्या आधी उतरते का. कानाची उघडी नळी स्वभावतः २,५०० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास आवाज वाढवते. इयरफोनने ती बंद होते. म्हणून त्या भागातला उंचवटा हा दोष समजू नये, तो नैसर्गिक आवाजासाठी हवाच असतो. वायरच्या इयरफोनचा अडथळा १६ ते ३२ ओहम असेल तर साध्या फोनवर तो सहज वाजतो. ब्लूटूथमध्ये एसबीसी, एएसी किंवा एलडॅक यांपैकी आवाज पाठवण्याची कोणती पद्धत आहे याचा परिणाम मुख्यतः वरच्या पट्ट्यातल्या बारकाव्यांवर होतो. बाससाठी त्यावर जादा पैसे घालू नयेत.

७. परीक्षा

कानात घालायचा इयरफोन रत्नागिरीच्या दुकानात वापरून पाहायला मिळेलच असे नाही. म्हणून परत करण्याची मुदत असलेली खरेदी करावी आणि घरी पुढील क्रमाने परीक्षा घ्यावी. सर्व वेळ इक्वलायझर बंद ठेवावा.

प्रथम २० ते २०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर ऐकावा. तो दोन्ही कानांत सारखा, मध्ये कुठे न फुगता, न खुळखुळता चढला पाहिजे. मग तबल्याचे एकल वादन लावून डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घसीट ऐकावी. सुराची चढण-उतरण स्पष्ट कळली पाहिजे. नुसता ‘धुम्’ ऐकू आला तर बास आहे, सूर नाही. तिसरी परीक्षा पखवाजासह गायलेल्या अभंगाची : डाव्या तोंडावर कणकेचा लेप दिलेल्या पखवाजाचा भरदार ठोका पडत असतानाही गायकाचे शब्द आणि टाळ सुटे राहिले पाहिजेत. चौथी, नमन किंवा जाखडीचे प्रत्यक्ष कार्यक्रमातले मुद्रण. त्यात गर्दी, मृदंग, झांज सगळे एकवटलेले असते, आणि वाद्ये एकमेकांत मिसळून लगदा होतो का, हे लगेच कळते. शेवटी आकाशवाणी रत्नागिरीवरचे निवेदन किंवा एखादे कवितावाचन ऐकावे. माणसाचा बोलता आवाज आपल्या सर्वाधिक ओळखीचा, म्हणून त्यातला घोगरेपणा किंवा टोचरेपणा लपत नाही.

यानंतरच बास बदलावा. ६ डेसिबल वाढवून पाचही परीक्षा पुन्हा घ्याव्यात. वाढवलेल्या बासनिशीही निवेदन स्वच्छ राहिले, तर इयरफोन उत्तीर्ण. तुलना करताना दोन्ही वेळी एकूण आवाज सारखा ठेवावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो.

८. हवा, घाम आणि निगा

कोकणच्या हवेत दर्जा टिकवणे हा निवडीचाच भाग आहे. फोमच्या टोप्या घाम आणि दमटपणा शोषून लवकर मऊ पडतात. पावसाळ्यात सिलिकॉन बरे. नळीच्या तोंडावरच्या जाळीत कानातला मळ साचला की वरचा पट्टा मंदावतो आणि बास उगाच जास्त वाटू लागतो. कवचावरचे हवेचे सूक्ष्म छिद्र बुजले तर बासच बदलतो. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने साफ करावी, पाणी घालू नये. पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आयपीएक्स४ हा शेरा गोड्या पाण्याच्या शिंतोड्यांपुरता आहे. खाऱ्या हवेने चार्जिंगचे पितळी ठिपके काळवंडतात, म्हणून किनाऱ्यावरून आल्यावर ते कोरड्या कापडाने पुसावेत. वायर सुटी होणारा इयरफोन इथे अधिक टिकतो; वायर गंजली तर तेवढीच बदलता येते.

९. कानाची मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो : ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५. ही मापे ज्या पद्धतीने घेतली जातात तिच्यात खर्जाला कमी वजन दिलेले असते, आणि खर्ज टोचतही नाही. त्यामुळे बासच्या ओढीने आवाज चढत जातो आणि चढलेला कळत नाही. धोका मुख्यतः त्याबरोबर वाढलेल्या मधल्या आणि वरच्या पट्ट्यांचा असतो. पक्की बैठक आणि गोंगाट कमी करणारी सोय या दोहोंचा सर्वांत मोठा लाभ हाच की, कमी आवाजात पुरे समाधान मिळते. रस्त्यावर चालताना मात्र दोन्ही कान बंद ठेवू नयेत. मागून येणारी रिक्षा ऐकू आली पाहिजे.

१०. निर्णयाचा क्रम

वरील विवेचनातून निवडीचा क्रम ठरतो. सर्वप्रथम बैठक, तिच्यात नापास झालेला इयरफोन कितीही नावाजलेला असो, परत करावा. नंतर इक्वलायझरविना समतोल. मग ६ डेसिबल वाढीतही टिकणारी स्वच्छता. चौथ्या क्रमांकावर बास बदलण्याची सोय, तीही वाढवणे आणि कमी करणे अशा दोन्ही दिशांना आणि १०० हर्ट्झच्या आसपास थांबणारी. शेवटी टिकाऊपणा आणि किंमत.

घरी, शांततेत, गाणे आणि कविता ऐकणाऱ्याने दोन हजार रुपयांच्या आतला चांगला वायरचा इयरफोन घेऊन फोनमधला इक्वलायझर वापरावा. पैशांच्या तुलनेत आवाजाचे मोल इथे सर्वाधिक मिळते. रोज एसटीने रत्नागिरीला जाणाऱ्याने गोंगाट मारणारे, ॲपमध्ये पट्टे स्वतंत्र बदलता येणारे इयरबड घ्यावेत. फोन वारंवार बदलणाऱ्याला किंवा इक्वलायझरच्या वाटेला न जाणाऱ्याला फिल्टर अथवा खटक्यांचा यांत्रिक प्रकार सोयीचा.

आपल्या वाद्यांनी हा तोल फार पूर्वी साधला आहे. पखवाजी कार्यक्रमागणिक कणीक कमी-जास्त लावून डाव्या तोंडाचा खर्ज त्या दिवसाच्या सुराला जुळवून घेतो, आणि उजव्या तोंडाची किनार तो कधी बुडू देत नाही. श्रोत्यानेही बासवर एवढाच ताबा मागावा, पण तो पुरता मागावा : जागा, वेळ आणि गाणे पाहून खर्ज ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे हवा, आणि तो वापरताना एकही शब्द हरवता कामा नये.